घरातला समुद्र आणि चुन्याची निवळी

१/
पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि कोकणचा किनारा सरळ रेषेतही सुमारे शंभर किलोमीटर दूर पडतो. तरीही या शहरातील काही घरांत, काचेच्या टाकीत, जिवंत प्रवाळ वाढतात. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचे पाणी कसे घडवतात आणि ते बेताच्या खर्चात कसे टिकवतात? या प्रश्नाचे उत्तर लंडन, ग्लासगो, जकार्ता आणि बर्लिन असा प्रवास करून आपल्याच पानदानापाशी येऊन थांबते. आजचा थ्रेड त्या प्रवासाचा.

२/
आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे, तो प्राणी आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपला सांगाडा रचतो. हा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडी आणि शिंपले ज्या द्रव्याचे असतात त्याच द्रव्याचा. समुद्रात या कच्च्या मालाचा साठा अफाट आहे. शंभर लिटरच्या टाकीत मात्र वाढते प्रवाळ तो काही दिवसांतच खाली आणतात. प्रवाळ पाळणाऱ्याचे खरे काम हा हिशेब रोज जुळवण्याचे.

३/
या हिशेबाचे मुख्य आकडे तीन. समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. तिसरा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेचा. शौकीन ती ‘डीकेएच’ या एककात मोजतात आणि समुद्रात ती सुमारे ७ असते. या तिहींपैकी अल्कलिनिटी सर्वांत आधी ढासळते. तिच्यातील मोठे चढउतार प्रवाळाला सहसा सोसत नाहीत. म्हणून आकडा उंच असण्यापेक्षा स्थिर असणे अधिक मोलाचे.

४/
मुंबईला ही चिंता निराळ्या स्वरूपात होती. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्याने मरीन ड्राइव्हवर उभारलेल्या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता. पाणी बिघडले तर नवे पाणी दारात होते. घाटावरच्या माणसाला ही सोय नाही. त्याला समुद्र मुळापासून घडवावा लागतो. असा प्रयत्न इतिहासात प्रथम कोणी केला?

५/
१८४६ मध्ये ॲना थिन ही इंग्रज स्त्री टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. थंड समुद्रातील हे लहान जीव तिने वेस्टमिन्स्टरमधील घरात ठेवले. समुद्राचे पाणी ती किनाऱ्यावरून मागवीत असे. ते अपुरे पडू लागले, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा खेळवण्याची युक्ती निघाली. हे कष्टाचे काम घरातील मोलकरीण करी. आज तेच काम एक लहान पंप करतो. पुढे तिने पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या. तिच्या नोंदी १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

६/
त्याच काळात रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा परस्परांशी तोल कसा राहतो हे तपासत होता. १८५० मध्ये त्याने आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्याचेच नाव धारण करणारा त्याचा मुलगाही रसायनशास्त्रज्ञ झाला. रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत त्याने जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट कसे होते याचा अभ्यास केला. हे काम दोन टप्प्यांत आणि निरनिराळ्या सूक्ष्मजीवांकडून होते, असे त्याच्या प्रयोगांतून दिसून आले. १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखवले.

७/
बापाच्या काचपेटीचे रहस्य मुलाच्या शेतमातीत सापडले, असे म्हणावयास हरकत नाही. नव्या टाकीत प्राणी सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे थांबतात ते याच जीवाणूंसाठी. दगडांवर आणि वाळूवर त्यांची वस्ती झाली म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते. या टप्प्याला पैसा लागत नाही, धीर लागतो. पहिल्या आठवड्यातच मासे आणि प्रवाळ आणणारा मनुष्य पुढे औषधांवर आणि नव्या प्राण्यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च करून बसतो.

८/
१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृती मांडली. त्यात चार क्षार होते: साधे मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी ही क्रांतीच होती. परंतु यादी पुन्हा वाचा. कॅल्शियमचा एकही क्षार तिच्यात नाही! लंडनचे पाणी खडूच्या थरांतून येणारे, मुळातच जड. थोडेफार कॅल्शियम त्यातून आपोआप येत असणार. प्रवाळाला मात्र तेवढे पुरणारे नव्हते.

९/
गॉसच्या लेखनामुळे इंग्लंडात मत्स्यालयांचे वेड पसरले. हौशी लोक किनाऱ्यांवरील खडकांतल्या डबक्यांवर तुटून पडले. ज्या डबक्यांचे सौंदर्य गॉसने रंगवले, तीच डबकी त्याच्या वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात या विध्वंसाबद्दल खेद व्यक्त केला आहे. पाणी घरी तयार होऊ लागले, तरी त्यातले जीव मात्र किनाऱ्यावरूनच येत राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मालवणपाशी आपल्याला तिच्याकडे परतायचे आहे.

१०/
गॉसची यादी अपुरी होती. मग पूर्ण यादी कोणी दिली? ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगाचे महासागर धुंडाळत फिरले. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार याने ग्लासगोत केले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुद्र कोठे अधिक खारट असतो, कोठे कमी, पण त्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. १८१९ मध्ये अलेक्झांडर मार्से याने वर्तवलेल्या अंदाजाला यामुळे भक्कम पुरावा मिळाला.

११/
आज बाजारात मिळणारे मत्स्यालयाचे मीठ याच निष्कर्षावर उभे आहे. प्रमाण पक्के असल्यामुळे समुद्र पिशवीत भरता येतो. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकाचे मीठ का चालत नाही, याचेही उत्तर यातच आहे. समुद्राच्या क्षारांत साधे मीठ सुमारे ७८ टक्केच असते. उरण-पेणच्या मिठागरांत काय घडते ते पाहा: पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ बसते आणि मॅग्नेशियम बरेचसे मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते. म्हणून मिठागराचे मीठ पुन्हा पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही.

१२/
आता विसाव्या शतकात येऊ. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग याने आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली. समुद्रातील जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्याच सामग्रीवर त्याच्या टाक्या चालत. पाण्याची शुद्धी खडकातील सूक्ष्मजीव करीत. महागड्या यंत्रांवाचून प्रवाळ जगतात, हे त्याने दाखवून दिले. पण त्याच्या हाताशी उष्ण कटिबंधाचे ऊन होते आणि समुद्रही होता. युरोपच्या अंतर्भागातील शौकिनांपाशी दोन्ही नव्हते.

१३/
तेथे पुढे आले स्वित्झर्लंडचे पेटर विल्केन्स. त्यांचाही देश समुद्रावाचूनचाच. टाकीतील कॅल्शियम भरून काढण्यासाठी त्यांनी ‘काल्कवासर’चा पुरस्कार केला आणि १९७३ च्या त्यांच्या जर्मन ग्रंथानंतर हा उपाय शौकिनांत रुजला. शब्द भारदस्त वाटतो खरा. ‘काल्क’ म्हणजे चुना आणि ‘वासर’ म्हणजे पाणी. मराठी घराने हे द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या ओळखले आहे. आपण त्याला चुन्याची निवळी म्हणतो. कोहळ्याच्या पेठ्याला कडकपणा यावा म्हणून वापरतात तीच ही.

१४/
या निवळीला खरी प्रतिष्ठा मिळाली बर्लिनमध्ये. भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमधील डिट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत खडक, प्रखर दिवे, फेसाबरोबर मळ बाहेर काढणारे स्किमर आणि चुन्याची निवळी यांची सांगड घातली. १९८० च्या दशकात ही ‘बर्लिन पद्धत’ म्हणून गाजली. श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हातोहात वाटले गेले आणि दूरदूरच्या टाक्यांत वाढले. समुद्रातून न ओरबाडता घरातून घरात जाणारा प्रवाळ! गॉसच्या काळातील विध्वंसावरचा उतारा येथे दिसू लागला.

१५/
आता पुण्याकडे वळू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांचे पाणी दगड-चुन्याच्या भुयारी नळाने शहरात आणले गेले. वाटेत हवेसाठी आणि पाहणीसाठी उच्छ्वास बांधले होते आणि शहरात हौद होते. या बांधकामाला सांधणारा चुना आधी भट्टीत भाजावा लागे, मग पाणी घालून विझवावा लागे आणि घाण्यात मळावा लागे. किल्ल्यांवर दिसणारी, दगडी चाकाची ती वर्तुळाकार चर म्हणजे चुन्याचा घाणा. भटकंतीत तुम्ही तो नक्की पाहिला असेल.

१६/
चुना भिंतीत घट्ट कसा होतो? भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. विझवलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतून तोच वायू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. उघड्या निवळीवर धरणारी पांढरी साय ही तीच क्रिया. टाकीत निवळी पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि प्रवाळाला कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही एकदम देते. नळाची भिंत आणि प्रवाळाचा सांगाडा अखेरीस एकाच द्रव्याचे. कोकणात तर चुना शिंपले भाजूनच केला जात असे.

१७/
निवळीची कृती सोपी, पण शिस्तीची. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. पानाचा रंगीत, सुवासिक चुना नव्हे. एक लिटर पाण्यात ते पावणेदोन ग्रॅमांहून थोडे कमीच विरघळते. ढवळून झाकून ठेवावे, गाळ खाली बसू द्यावा आणि फक्त वरची स्वच्छ निवळी घ्यावी. गाळाबरोबर पुष्कळशी अशुद्धीही तळाशी राहते. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून हाताला आणि डोळ्यांना जपावे. ती एकदम ओतू नये. रात्रभर थेंबथेंब सोडावी. सलाइनची साधी नळी आणि तिची चकती यासाठी पुरते.

१८/
हिशेब असा: शंभर लिटरच्या टाकीत एक लिटर निवळी गेली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी सुमारे १.३ डीकेएच वाढते. प्रवाळ दिवसाकाठी किती खर्च करतात हे कसे कळावे? दोन दिवस काहीही न घालता अल्कलिनिटी मोजावी आणि घट दोनाने भागावी. म्हणून खर्चाला कात्री लावताना एक नियम पाळावा: चाचणीच्या संचावर काटकसर करू नये. न मोजता घातलेले स्वस्त द्रव्य शेवटी सर्वांत महाग पडते.

१९/
पुण्याच्या पाण्याचाही इतिहास येथे उपयोगी पडतो. १८७९ च्या खडकवासला धरणापासून पुढे शहराची तहान मुख्यतः सह्याद्रीच्या पावसावर भागते. बेसॉल्टच्या डोंगरांवरून आलेले हे धरणाचे पाणी बोअरवेलच्या पाण्याहून पुष्कळ मऊ असते. पण त्यात क्लोरीन असते. ते फोटोग्राफर वापरीत त्या ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने निघते. अधिक चांगला मार्ग आरओचा. मात्र घरगुती आरओ पुष्कळदा चवीसाठी मूळ पाणी थोडे मिसळतो. तो झडपेचा भाग बंद करावा आणि टीडीएस मीटरने आकडा शून्याजवळ आहे ना, ते पाहावे.

२०/
एप्रिल-मेचा पुणेरी उन्हाळा प्रवाळांचा शत्रू. त्यांना पाणी २५ ते २७ अंशांचे हवे. विजेवर चालणारे शीतयंत्र महाग, पण हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर वारा घालणारा लहान पंखाही तापमान उतरवतो. हे माठाचेच शास्त्र. पाणी आटते, मीठ मागे उरते. म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. आणि त्या भरीच्या जागी निवळी घातली की एकाच थेंबात दोन कामे होतात. जितके बाष्पीभवन अधिक, तितकी निवळीला जागा अधिक.

२१/
आषाढ लागला की गणित उलटते. हवा दमट, बाष्पीभवन कमी, पण प्रवाळांची भूक तशीच. निवळीला जागाच उरत नाही. तेव्हा १९९० च्या दशकात जर्मनीत पुढे आलेली, हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मदतीला येते. शंभर लिटरला सुमारे ३ ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवतो. सुमारे ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट कॅल्शियम लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढवते. दोन्ही वेगवेगळे विरघळवून, वेगवेगळ्या वेळी घालावे. एकत्र झाले तर पांढरा साका, म्हणजे चुनखडीच, तळाशी जाऊन बसेल.

२२/
सोड्याच्या या मार्गाने टाकीत साधे मीठ हळूहळू साचत जाते. त्यासाठी आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. शंभर लिटरला दहा लिटर पाणी आणि ३५० ग्रॅम मीठ, एवढाच हा खर्च. डिटमारने सांगितलेले प्रमाण या बदलाने पूर्ववत होत राहते. जाहिरातींतील रंगीबेरंगी बाटल्यांतही बहुधा सोडा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचेच क्षार असतात. खऱ्या गरजा तीन: शुद्ध पाणी, चांगले मीठ आणि मोजण्याची सवय.

२३/
एक सीमा मात्र पैशाने वा युक्तीने ओलांडू नये. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी प्रदेशही प्रवाळांचे घर आहे. २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा काटकसरीचा मार्ग नसून गुन्हा आहे.

२४/
मग मार्ग कोणता? टाकीत कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक ठेवून जीवाणूंना वेळ द्यावा. प्रवाळ घ्यायचे असतील तर टाकीतच वाढवलेले, कायदेशीर आयातीची आणि नोंदणीची कागदपत्रे असलेलेच घ्यावेत. कागद नसेल तर प्रवाळ नको. मासे, शेवाळ आणि जिवाणूंनी भरलेल्या खडकाची खारी टाकीही पाण्याचे हेच शास्त्र शिकवते. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर १८५० नंतर जे झाले ते मालवणात होऊ नये, एवढी समज हा इतिहास वाचून यायलाच हवी.

२५/
ही टाकी एका मोठ्या गोष्टीची लहान प्रतिकृतीही आहे. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत माणसे बसली की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच उतरतो. औद्योगिक क्रांतीपासून जगाच्या समुद्राचे नेमके हेच झाले आहे. त्याच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ ने घसरला आहे आणि सांगाडा रचणे प्रवाळाला अधिकाधिक जड जात आहे. घरात आपण खिडकी उघडतो आणि रात्री निवळीचे थेंब सोडतो. अरबी समुद्राला उघडायला खिडकी नाही आणि त्याला पुरेल एवढी निवळी कोणत्याही भट्टीतून निघणार नाही. चुना भाजतानाही तोच वायू बाहेर पडतो.

२६/
थोडक्यात: ॲना थिनच्या घरी पाणी हातांनी ओतले गेले, वॉरिंग्टन पितापुत्रांनी तोल आणि जीवाणू दाखवले, डिटमारने प्रमाण दिले, विल्केन्स आणि बर्लिनकरांनी निवळी दिली. यांपैकी बहुतेकांना समुद्र दूर होता, म्हणूनच त्यांना तो समजून घ्यावा लागला. पुढच्या वेळी एखाद्या किल्ल्यावर चुन्याचा घाणा दिसला, तर क्षणभर थांबा. ज्या द्रव्याने तट सांधले, त्याच द्रव्याने सह्याद्रीपलीकडे, आंग्रियाच्या पठारावर, एक जीव आपले घर बांधत आहे. ते उभे राहील की नाही, हे आता आपण हवेत काय सोडतो त्यावर ठरणार आहे.